मोटर का बंद पडली

प्रिय जितेंद्र भाऊजी,

सर्वप्रथम क्षमा मागते. मी तुम्हाला पत्र लिहावे इतका आपला कधी संवादच झालेला नाही. ताईच्या लग्नापासून इतक्या वर्षांत मी तुमच्याशी जे बोलले ते ‘चहा घ्या’ आणि ‘ताई आत आहे’ यापलीकडे फारसे गेले नाही. तुम्ही थट्टेने विचारायचे, “नंदिनीबाईचा आज मौनवार हाय काय?” आणि मी पुस्तकाआड तोंड लपवायची. आता ‘प्रिय’ लिहितानाही हात अडखळला. ‘आदरणीय’ लिहून पाहिले, पण तो शब्द वाचून तुम्ही आणखी दूर जाल असे वाटले, आणि आधीच तुम्ही आमच्या फाटकाबाहेर उभे राहून परत जाता.

घरात कोणालाही न विचारता हे लिहिते आहे. उद्या रविवारी बाबांचे चुलतभाऊ रामाजी काका यांच्यासमोर बैठक आहे. तुमची लेक भूमिका कायमची आमच्याकडे राहील आणि तुम्ही बदली मागून चाकणच्या कारखान्यात निघून जाल, असे तुम्ही स्वतःच्या तोंडाने कबूल केल्याचे काकांनी सांगितले. “पोरगं समजदार हाय. काही वाद घातला नाही त्यानं,” असे ते चहा पिता पिता समाधानाने म्हणाले. मला ते समाधान सहन झाले नाही. पोस्टाने पत्र उद्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून या पानांचे फोटो काढून पाठवीन. कृपा करून शेवटपर्यंत वाचा. मध्येच थांबलात तर तुमच्या हाती फक्त त्या दिवसाची आठवण उरेल, आणि ती तर तुमच्यापाशी आधीच आहे.

आधी भूमिकेविषयी सांगते, कारण तुम्हाला तिच्याविषयी कोणी काही कळवत नाही. ती बरी आहे. जेवते. थंडीने गाल फुटले आहेत, आई त्यांना साय लावते. तिची आई गेली हे तिने, चार वर्षांच्या मुलाला समजेल तेवढे, समजून घेतले आहे. तुमचे न येणे मात्र तिला समजत नाही. संध्याकाळी रस्त्यावरून कंपनीची बस गेली की ती हातातले टाकून ओट्यावर जाते. परवा तिने मला विचारले, “मावशी, बाबाची बस रोजच हुकते काय वं?” बाबा तिथेच वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी पान उलटले नाही, वर पाहिलेही नाही. मी तिला म्हटले की बाबाची हिंगण्याची कंपनी खूप लांब आहे. तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू ती माझ्या खोटेपणाला सवलत देते आहे.

ती नावेची मोटर आजही आमच्या जिन्याखाली पडून आहे. बाबांनी ती एका बंद पडलेल्या बोटिंग क्लबकडून जुनी घेतली, तेव्हा मी शाळेत होते. धरणात आमचे गाव गेले, बरीचशी जमीन गेली, आम्ही हुडकेश्वरला राहायला आलो. पण पाण्यापलीकडच्या उंचवट्यावर थोडे शेत उरले, आणि तिथे जायला नावेशिवाय मार्ग राहिला नाही. ती मोटर किती हट्टी होती हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक नाही. बाबा दोरी ओढून ओढून घामाघूम होत आणि तिला गावठी शिव्या देत. मग तुम्ही जावई म्हणून आलात. पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा टणक होईपर्यंत दाबायचा, चोक बाहेर ओढायचा, दोरी आधी दोनदा हळू ओढून मग एकदा झटका द्यायचा, हा क्रम तुम्ही शोधून काढलात. ताई नावेत बसून म्हणायची, “ही मोटर माह्यावरच गेली जी. आधी रुसते, मंग चालते.” त्यावर तुम्ही म्हणायचे, “तुले तर दोरी बी नाही, कुठून ओढू?” आणि बाबा पाण्याकडे तोंड करून हसायचे. बाबा हसायचे, भाऊजी. हे मुद्दाम लिहिले आहे, कारण आता ते कोणाच्या लक्षात नाही.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात, सुटीच्या दिवशी, तुम्ही मोटर हुडकेश्वरला आणलीत. अंगणात वर्तमानपत्रे पसरून कार्बोरेटर उघडलात, पेट्रोलने धुतलात, नवा प्लग बसवलात. ताई म्हणाली होती, “कंपनीत मशिनी अन् घरी बी मशिनी. माह्याकडे कवा पाहता?” खंडेनवमीला विळे, कुदळ, बाबांची स्कूटर यांच्या रांगेत आईने मोटरही पुजली आणि शेजारी तिची लाल टाकीही. मोटरला हळदकुंकू लावले. टाकीला झेंडूचा जाड हार घातला, तो टोपणाभोवती दोन वेढे देऊन बसवला.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्या घरची एक रीत तुम्हाला पहिल्या वर्षी विचित्र वाटली होती. जुन्या गावचा मारोती पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात त्याचा कळस दिसतो, दसऱ्याला दिसत नाही. त्या दिवशी जाताना मोटर लावायची नाही, वल्ह्यांनीच जायचे. मारोतीच्या डोक्यावरून पंखा फिरवायचा नाही, असे आजोबा सांगून गेले. अंदाजाने जागा आली की सोन्याची पाने पाण्यावर सोडायची आणि हात जोडायचे. त्याही दिवशी तुम्ही आणि बाबा वल्हवत गेलात, ताई आणि मी मध्ये बसलो होतो. पाने सोडली. ताईने भूमिकेच्या नावचे एक पान वेगळे सोडले. भूमिका आईजवळ घरी होती. वल्हवत गेल्यामुळे सकाळी मोटर चालवून पाहण्याचा प्रसंगच आला नाही.

पुढचे लिहिणे मला अवघड जाते, पण ते टाळून हे पत्र पूर्ण होणार नाही. पलीकडच्या शेतात कापलेल्या सोयाबीनचा ढीग ताईने उचलला आणि तिचा हात मागे आला तो नागाचा दंश घेऊन. तुम्ही तिला उचलून नावेत ठेवलेत. तिचे डोके माझ्या मांडीवर होते. मोटर त्या दिवशी पहिल्याच झटक्याला चालू झाली. आम्हा सर्वांना वाटले, देव पावला. मारोतीचा विचार तेव्हा कोणी केला नाही, बाबांनीही नाही. आणि पाण्याच्या मध्यावर ती खोकली, मंदावली, बंद पडली.

तुम्ही दोरी ओढत राहिलात. ती थोडी धडधडायची आणि विझायची. बाबांनी पुढे बसून वल्ही घेतली, पण वारा समोरून होता आणि त्यांचे वय तुम्हाला माहीत आहे. तुम्ही टाकी हलवून पाहिलीत. पेट्रोल डुचमळत होते. रबरी फुगा दाबलात. तो चेपला आणि चेपलेलाच राहिला. “पेट्रोलच वर येऊन नाही राहिलं,” असे तुम्ही म्हणालात, आणि मग अगदी हळू, “म्या कार्बोरेटर नीट नाही बसवला.” ते वाक्य मी ऐकले, बाबांनीही ऐकले. तुमच्या तळहाताची साल निघाली होती आणि दोरीचा मुठीजवळचा भाग लाल झाला होता. ताईच्या पापण्या मिटत चालल्या होत्या, शब्द जड झाले होते. ती म्हणाली, “घाई नका करू जी. रुसली असंल, मानंल.” त्यानंतर ती काही बोलली नाही. वल्ह्यांनीच काठ गाठून रुग्णालयात पोचलो, तिथे डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि थोडे आधी आणायला हवे होते असे म्हटले. ते बिचारे सहज बोलले. त्या वाक्यावर आमच्या घराने नंतर सगळा निकाल उभा केला.

बाबा समाचाराला आलेल्या प्रत्येकाला सांगत राहिले, “हिंगण्यात मोठमोठ्या मशिनी चालवते म्हणे हा, अन् एक मोटर नाही पेटवता आली याले. बरी चालत होती, यानंच खोलली.” तुम्ही तेरवीला आलात तेव्हा तुमच्या पानावर वाढायला कोणी पुढे होईना. मी वाढले. तुम्ही मान खाली घालून मला म्हणालात, “नंदिनी, बाबा खरं सांगून राहिले. माह्याच हातून झालं.” दुसऱ्या दिवसापासून तुम्ही फाटकातून आत आला नाहीत.

तेव्हापासून मला एकच गोष्ट छळत होती: हे खरे आहे काय? मला माणसांशी बोलता येत नाही, पण वाचता येते. त्या मोटरीची माहितीपुस्तिका मी मोबाईलवर मिळवली. सगळी इंग्रजीत. मराठी माध्यमातल्या मुलीने शब्दकोश उघडा ठेवून जसे वाचावे तसे वाचले, ओळीवर बोट ठेवून. मोटर घरी चालवून पाहायची असेल तर पाण्याने भरलेल्या पिंपाच्या काठावर बसवावी, एवढे कळले. मागच्या रविवारी आई-बाबा भूमिकेला घेऊन उमरेडला मामांकडे गेले, तेव्हा मी शेजारच्या रीनाला हाक मारली. आम्ही दोघींनी निळे पिंप मागच्या अंगणात ओढले, मोटर कशीबशी उचलून काठावर आवळली. रीना कमरेला हात लावून म्हणाली, “अवं, आता हुडकेश्वरात बोट चालवून राहिली काय वं तू? चाल, मले तेलंगखेडीच्या तलावाले सोडून दे.” मग माझे तोंड पाहून ती पिंपात बादलीने पाणी ओतू लागली.

टाकी त्या दिवशी नावेतून उतरवली तशीच होती. झेंडूचा हार वाळून तपकिरी झाला होता, पण टोपणाभोवती तसाच. पुजलेला हार आपण हाताने तोडत नाही, तो आपोआप गळेपर्यंत ठेवतो. म्हणून तो कोणी काढला नव्हता, नावेत तुम्हीही काढला नाहीत. मीही आधी काढला नाही. तुमच्या क्रमाने सगळे केले: फुगा, चोक, दोन हळू, एक झटका. माझ्या हातात तुमची ताकद नाही. खांदा निखळेल असे वाटेपर्यंत ओढत राहिले, रीना आणि मी आळीपाळीने. शेवटी ती चालू झाली, पाणी पिंपाबाहेर उडाले, रीना ओरडली. आणि थोड्या वेळाने ती खोकली, मंदावली, बंद पडली. अगदी तशीच. फुगा पाहिला तर तो चेपून चपटा झालेला.

मग मी हार काढला. टोपणावर मध्यभागी एक छोटा पेच आहे. तुम्हाला आठवेल, तो नेहमी सैल असायचा. इतका नेहमी, की तो फिरतो हेही आपण विसरलो होतो. तो घट्ट आवळलेला होता आणि त्याच्या आट्यांत कुंकू अडकले होते. चिमटीने फिरेना, म्हणून मी रुमाल गुंडाळून फिरवला. टाकीने मोठा श्वास आत ओढल्यासारखा आवाज केला. फुगा माझ्या डोळ्यांदेखत भरला. दोरी ओढल्यावर मोटर चालू झाली आणि मी हाताने बंद करेपर्यंत चालत राहिली. मी पुन्हा पेच आवळला. पुन्हा ती गुदमरली. पुन्हा सैल केला, पुन्हा चालली. आत हवा गेल्याशिवाय पेट्रोल बाहेर येऊ शकत नाही, एवढेच होते ते. तेलाचा डबा फोडताना आई एका भोकावर थांबत नाही, समोर दुसरे पाडते, ते याचसाठी. तुमच्या कार्बोरेटरला काहीही झाले नव्हते, भाऊजी. तुमचे काम चोख होते. शांत डोक्याने तुम्ही हे सहज ओळखले असते. पण तुमच्यासमोर ताई होती, आणि तुम्ही आधीच स्वतःला दोषी ठरवून बसला होतात.

आता तुम्ही विचाराल की पेच कोणी आवळला. मला ते शोधावे लागले नाही. आई ते समाचाराला आलेल्या प्रत्येक बाईला सांगत आली आहे, पदराने डोळे पुसत, आणि पुरावा म्हणून: “आमच्या घरून तं मोटर चांगली गेली, माय. म्या सोता पुजली. देवापुढं पेट्रोलचा वास येऊन राहिला होता, तं टोपणावरचा पेच बी म्या चांगला आवळून देल्ला. एक थेंब सांडला नाही. पुढं त्यानं काय केलं, त्याचं त्याले माहीत.” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले होते की त्याचा अर्थ माझ्या कानांपर्यंतच पोचायचा. पिंपाजवळ ओल्या जमिनीवर बसले तेव्हा तो आत उतरला. रीनाला काही कळले नाही, ती म्हणाली, “चालू झाली ना वं? मंग रडून काहून राहिली?”

आई-बाबा लवकर परतले. बाबांनी पिंप पाहिले आणि ते सरळ गच्चीवर निघून गेले. आईने मात्र संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता विचारले, “मंग? त्याच्याच हातची चूक होती ना वं?” तिची बोटे परातीत थांबली होती. तिला माझ्याकडून ‘हो’ हवे होते, आणि ते किती हवे होते हे मला तिच्या मानेवरून दिसले. त्या ‘हो’च्या आधाराने ती सकाळी उठते, भूमिकेची वेणी घालते, देवाला दिवा लावते. मी ‘हो’ म्हटले नाही. ‘नाही’ही म्हणू शकले नाही. खडे वेचू लागले. गेला आठवडाभर मी दोन्ही बाजूंनी विचार केला आहे आणि कुठलीही बाजू मला उजेडाकडे नेत नाही. न सांगावे तर एका जिवंत बापाला आपली मुलगी सोडून परमुलखात जावे लागेल, न केलेल्या चुकीची शिक्षा म्हणून. आणि भूमिका मोठी होईल ती आपल्या वडिलांनी आपल्या आईला मारले असे ऐकत. सांगावे तर माझ्या आईला कळेल की लेकीचा जीव तिच्याच चिमटीने गेला, तोही पूजेच्या दिवशी, देवापुढे, काळजीपोटी. पुस्तकांत अशा प्रसंगी कोणीतरी शहाणे माणूस येते. आमच्या घरी रामाजी काका येणार आहेत.

सांत्वन करण्यासाठी मी हे लिहिले असते तर आठवडाभर आधी लिहिले असते. उद्या बैठकीत काका विचारतील तेव्हा तुम्ही ‘नाही’ म्हणा. मुलगी माझी आहे आणि मी तिला नेणार, एवढेच म्हणा. कोणत्या तोंडाने, असे बाबा विचारतील. त्याचे उत्तर मी देईन, सगळ्यांसमोर, आणि चार माणसांत माझा आवाज कसा होतो हे तुम्हाला माहीत आहे. पण आईने ते चार माणसांत पहिल्यांदा ऐकू नये, म्हणून आज मी तिला एकटीला सांगणार आहे. सकाळपासून तीनदा तिच्याजवळ जाऊन परत आले. तिचा चेहरा दिसला की मी ‘काही नाही’ म्हणते, आणि आजही म्हणेन, उद्याही म्हणेन, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधी तुम्हाला सांगते. एकदा तुम्हाला कळले की मला परत फिरता येणार नाही. हे पत्र मी त्यासाठीच लिहिले. यानंतर आई माझ्याशी बोलेल की नाही, ती पूर्वीसारखी कधी राहील की नाही, मला माहीत नाही, आणि मला आशाही नाही. ती आत्ता मागच्या अंगणात भूमिकेचा स्वेटर उन्हातून काढते आहे. हे पाठवते, आणि तिच्याकडे जाते.

भूमिकेच्या बापाची बाजू धरणारी,
तुमचीच,
नंदिनी

हुडकेश्वर, नागपूर
पाठवले: शनिवार, १३ डिसेंबर २०२५, दुपारी ४ वाजून १० मिनिटे